झेंडूची चौकट

एकोणीसशे नव्याण्णव साली कराडात माझी स्वतःची वेबसाइट होती, असं सांगितलं की हल्ली लोक माझ्याकडं कौतुकानं बघतात. त्यांनी ती पाहिलेली नाही, म्हणून बघतात.

मी तेव्हा चित्रकार होतो. म्हणजे दुकानात शिरल्यावर चित्रकार होतो, बाहेरून तसं कळायला काही मार्ग नव्हता, कारण दुकानाला पाटीच नव्हती. बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या होत्या, पण स्वतःची रंगवायला सात वर्षांत सवड झाली नव्हती. बायको सुरुवातीला आठवण करायची. पुढं पुढं ती पाहुण्यांना पत्ता सांगताना "पाटी नसलेलं दुकान विचारा, कोणीपण दाखवेल" असं सांगायला लागली आणि माझी तीच ओळख झाली.

कामं मात्र भरपूर होती. सांगलीच्या एका व्यापाऱ्याच्या हळदीच्या पाकिटावरचं हळकुंड माझं होतं. बियाण्याच्या पिशवीवरचं कणीस माझं, साखर कारखान्याच्या अहवालावरचा ऊस माझा, आणि लग्नपत्रिकेच्या चारी कडांनी फिरणारी झेंडूची फुलंही माझीच. चेहरेही काढायचो, पण फक्त मेलेल्यांचे. गेलेल्या माणसाचा भिंतीवर लावण्यासारखा फोटो नसेल, तर घरचे लोक मिळेल तो कागद घेऊन माझ्याकडं यायचे. कोणी मतदार ओळखपत्र आणायचं, कोणी लग्नातला फोटो आणून तिसऱ्या रांगेतलं अर्धं डोकं दाखवायचं. एकानं तर वडिलांचा गेल्यानंतर काढलेलाच फोटो आणला, नाकात कापूस घातलेला, आणि म्हणाला, "कापूस तेवढा काढा, डोळं उघडा आणि फेटा बांधा. हसरं आलं तर बरंच."

मेलेलेच का, याला कारण होतं. ते कारण सांगलीत राहायचं.

सांगलीच्या चित्रकला विद्यालयात मी चार वर्षं काढली. तिथं आमचे एक सर होते. त्यांना चित्र दाखवायला नेलं की ते आधी उलटं धरायचे, डोकं खाली आणि पाय वर, आणि हात लांब करून बघायचे. सरळ चित्र बघणाऱ्याला फसवतं, उलटं फसवत नाही, असं त्यांचं मत होतं. मग चित्र परत द्यायचे. न बोलता दिलं तर चित्र बरं आहे, आणि बोलून दिलं तर काय बोलले ते विसरायचा प्रयत्न करायचा. पण वर्षाकाठी एखादं चित्र असं यायचं की ते परतच करायचे नाहीत. "ठेवून जा," एवढंच म्हणायचे. मग ते चित्र जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं जायचं आणि त्यांच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पडायचं. त्या ट्रंकेत चित्र गेलेला मुलगा आठवडाभर जमिनीच्या चार बोटं वरून चालायचा.

माझा एक वर्गमित्र होता, तो पुढं अमेरिकेत जाऊन कॉम्प्युटरवर चित्रं काढायला लागला. त्याची तीन चित्रं त्या ट्रंकेत होती. माझं एकही नव्हतं. चौथ्या वर्षी मी महिनाभर खपून मार्केट यार्डातल्या एका हमालाचं चित्र केलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते उलटं धरलं, सरळ केलं, पुन्हा उलटं धरलं. माझा जीव टांगणीला. मग म्हणाले, "तू झाडं काढ. माणूस तुझ्या हाताला लागत नाही."

मी पहिल्यापासून आज्ञाधारक. झाडं काढली. ऊस काढला, कणसं काढली, हळकुंडं काढली. त्यानंतर बारा वर्षं एकही जिवंत माणूस काढला नाही. मेलेल्यांचं बरं असतं, त्यांची तक्रार नसते. त्यांच्या मुलांची असते, पण ती चेहऱ्याची नसते, टोपीची असते.

वेबसाइट काढायची कल्पना माझी नव्हे. आमच्या दुकानाला लागून एक एसटीडी बूथ होता. त्याच्या मालकानं आधी फोन लावला, मग झेरॉक्स लावलं, मग एक कॉम्प्युटर आणून त्याच्यावर कापड घातलं आणि बाहेर मलाच सांगून इंटरनेटची पाटी रंगवून घेतली. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं लोटतील असा त्याचा हिशेब होता. पोरं आली नाहीत. तेव्हा त्यानं माझ्याकडं मोर्चा वळवला.

"आवं पेंटर," तो म्हणाला. कराडात चित्रकाराला पेंटरच म्हणतात, मग तुम्ही भिंत रंगवा नाहीतर डोळ्यांतलं पाणी रंगवा. "तुमची चित्रं सगळ्या जगात दिसतील. फुकट जागा मिळती. मी पुस्तकात वाचलंय, लय सोपं हाय."

जग बघेल या गोष्टीवर मी भाळलो असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. जगाशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच आलं की वर्गातली सगळी पोरं आता कॉम्प्युटरवर बसतात, त्यातलं कोणीतरी बघेल आणि सरांना सांगेल. चित्र हातात घेऊन पुन्हा त्यांच्या दारात उभं राहायची माझी छाती नव्हती. अमेरिकेवरून वळसा घालून सांगलीला जायचा मी बेत केला होता.

सोपं असं त्यात काही नव्हतं. पहिली अडचण मराठीची. बूथवाल्यानं मराठी अक्षरं टाइप केली, ती त्याच्या कॉम्प्युटरवर मराठी दिसायची आणि पुण्यात त्याच्या मेव्हण्याच्या कॉम्प्युटरवर कोंबडीनं शाईत पाय बुडवून चालल्यासारखी. म्हणून मी अख्खी साइट हातानं लिहिली. शीर्षकं, पत्ता, बूथचा फोन नंबर, "पुढे पहा", "मागे चला", सगळं बोरूनं कागदावर लिहायचं आणि त्याचं चित्र करून चढवायचं. एक काना हुकला तरी सगळा कागद नव्यानं.

आणि चित्र करायचं म्हणजे स्कॅनर पाहिजे. स्कॅनर सांगलीतल्या एका छापखान्यात. मी एसटीनं सांगलीला जायचो, छापखानेवाल्याची मर्जी लागेपर्यंत बसून राहायचो आणि तीन फ्लॉप्यांवर तेच चित्र तीनदा घेऊन यायचो. त्यातली एक वाटेत मरायची, एक बूथच्या मशीनला पसंत पडायची नाही, आणि तिसरी उघडली की माझा हिरवागार ऊस निळा झालेला असायचा. "परदेशात काय कळतंय कुणाला," बूथवाला म्हणायचा.

बायको हे सगळं बघत होती. एकदा मी बोरू घासत बसलो असताना ती म्हणाली, "दुकानाला पाटी लावायला सात वर्षं जमलं नाही, आणि अमेरिकेत लावताय." मी बोरू घासत राहिलो.

पहिल्या पानावर कोण, हे मी मनात ठरवून टाकलं होतं. मी सरांचा चेहरा काढला. बारा वर्षांनी पहिला जिवंत माणूस. समोर बसवायचं धाडस नव्हतं, म्हणून वर्गाच्या निरोप समारंभाचा जुना गट फोटो शोधून काढला. त्यात मधल्या खुर्चीवर सर होते, अंगठ्याच्या नखाएवढे. भिंग लावून वीस दिवस काम केलं. चेहऱ्याला चौकट हवी होती, आणि नवीन काढायची म्हणजे पुन्हा सांगली. लग्नपत्रिकेची झेंडूची चौकट फ्लॉपीत तयार होती, तीच घातली. खाली बोरूनं "आमचे गुरुवर्य" असं लिहून सरांचं नाव लिहिलं. त्याखाली ते विद्यालयात रुजू झाले ते साल, मग आडवी रेघ, मग निवृत्त झाले ते साल.

बूथवाल्याला ते पान फारच गप्प वाटलं. साइटवर काहीतरी हललं पाहिजे असं त्याच्या पुस्तकात होतं. त्यानं कुठून तरी एक हलणारी समई शोधून आणली आणि सरांच्या चित्राशेजारी लावली. ज्योत अशी फडफडायची की आम्ही दोघंही पाच मिनिटं बघत राहिलो. "आता कसं भारी दिसतंय," तो म्हणाला. मी मान हलवली.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नाही. ज्याचा सगळा धंदा भिंतीवरच्या हारातल्या माणसांचा, त्याला हारातलं माणूस रोजच्यासारखंच दिसतं.

साइटवर येणाऱ्यांची संख्या मोजणारा एक आकडा होता. पहिल्या महिन्यात तो त्रेचाळीसवर पोचला. त्यात चाळीस वेळा आम्ही दोघं होतो आणि दोनदा मेव्हणा. उरलेल्या एकानं नागपूरहून फोन करून रसवंतीची पाटी रंगवायला याल का असं विचारलं. अभिप्राय लिहायची एक वहीही होती, तीत बूथवाल्यानं स्वतःच "फार छान" असं लिहून ठेवलं होतं.

मग एका सोमवारी बूथवाला दुकानात धावत आला. "पेंटर, चला, आकडा दोनशेच्या वर गेलाय."

गेलो. खरंच गेला होता. आणि वहीत ओळीनं अभिप्राय होते, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. सगळ्यात वरचा माझ्या अमेरिकेतल्या वर्गमित्राचा, त्यालाच साइट सापडली असणार आणि त्यानं बाकीच्या वर्गाला कळवलं असणार. "पाहून डोळ्यांत पाणी आलं." त्याखाली पुण्याचा एकजण, "शब्द सुचत नाहीत." मग मुंबईचा, "दिवसभर कामात लक्ष लागलं नाही." मी ते तिथंच उभ्यानं तीनदा वाचलं. माझ्या रेषेनं अमेरिकेत माणूस रडला. मुंबईत एकाचं काम थांबलं. हे खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं. बूथवाल्यानं चहा सांगितला. चहा येईपर्यंत मी मनातल्या मनात सरांच्या ट्रंकेचं झाकण उघडून पण बसलो होतो.

चहा पिता पिता त्यानं खालचा अभिप्राय वाचून दाखवला. "ही बातमी आम्हाला कोणीच कशी कळवली नाही? सरांच्या पत्नींना सांत्वन." त्याच्या खाली, "अंत्यसंस्कार सांगलीतच झाले का?"

कप माझ्या हातात तसाच राहिला. मी पडद्याकडं बघितलं. झेंडू, नाव, दोन सालं, मधे रेघ, शेजारी समई. गेली सात वर्षं हेच मी लोकांना करून देत होतो, फक्त समई त्यांची त्यांना आणावी लागायची.

"काढ ते," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता."

"आत्ता कसं काढू? नेटची लाइन गेली की, फोन तेवढा चालू हाय."

लाइन त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. माणसाला मारायला आम्हाला एक दुपार लागली होती, जिवंत करायला लाइन मिळेना. मधल्या काळात सांगलीत काय चाललं होतं ते नंतर समजलं. मिरजेचा एक वर्गमित्र पांढरे कपडे घालून, बायकोला घेऊन सरांच्या घरी गेला. दार सरांनीच उघडलं. तो त्यांच्या पायावर कोसळला. सरांना वाटलं, याच्या घरचं कोणीतरी गेलं. त्यांनी त्याला आत बसवून पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. दोघांनी एकमेकांचं सांत्वन करण्यात बराच वेळ गेला.

मंगळवारी दुपारी बूथवाला माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"सांगलीसनं फोन हुता. ज्यांचा फुटू लावलाय, त्यांचाच."

"काय म्हणाले?"

"म्हणालं, तेराव्याचं जेवण ठेवणार असशील तर मला पण बोलव."

त्या दिवशी मी दुकान बंद करून मागच्या बाजूला घरात गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "माफी मागायला जा," म्हणाली. मी म्हणालो, जातो. पण मला चांगलं माहीत होतं की मी जाणार नाही. बारा वर्षांत चांगलं चित्र घेऊनसुद्धा त्यांच्या दारात जायचं धाडस झालं नव्हतं. आता तर त्यांना मारून जायचं होतं.

बुधवारी सकाळी सर स्वतःच कराडात एसटीतून उतरले. छत्री, कापडी पिशवी आणि इस्त्रीचा सदरा. बसस्थानकावर त्यांनी पाटी नसलेलं दुकान विचारलं असणार, कारण सरळ माझ्यापुढंच येऊन उभे राहिले. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "राहू दे. मी कुठं मेलोय ते दाखव."

बूथमध्ये गेलो. लाइन नेमकी तेव्हा लागली, ती कधी लागावी आणि कधी लागू नये याची तिला बरोबर समज होती. पान वरून खाली उघडायला लागलं, त्या काळी चित्र पावशेर पावशेर यायचं. आधी झेंडू आला. मग केस आले. मग कपाळ. झेरॉक्सला आलेली चार माणसं खोळंबून मागं उभी राहिली. डोळे आले, नाक आलं, आणि तिथं ते अडकलं. दहा मिनिटं सर स्वतःच्या अर्ध्या चेहऱ्याकडं बघत बसले. समई मात्र आधीच आली होती आणि मजेत फडफडत होती.

शेवटी तोंड आलं, हनुवटी आली, दोन्ही सालं आली. सरांनी मान वाकडी करून, जमेल तेवढं उलटं होऊन बघितलं. कॉम्प्युटर काही उलटा धरता येत नव्हता.

"फोटोवरून काढलंस," ते म्हणाले.

"होय, सर."

"म्हणून मेलेला दिसतो. हाराचा दोष नाही. हार नसता तरी लोक आले असते."

मागच्या चारांपैकी कोणीतरी हसलं. मला त्या बूथच्या फरशीखाली जावंसं वाटलं. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच वाक्य, फक्त या वेळी फुकटच्या जागेत, सगळ्या जगापुढं. राग आला. त्यांचा नाही, माझाच. आणि थोडा त्यांचाही, ते कशाला लपवू.

सर उठले आणि माझ्या दुकानात जाऊन खुर्चीवर बसले. मेलेल्यांचे नातेवाईक बसायचे, तीच खुर्ची. छत्री भिंतीला टेकवली, चष्मा पुसून घातला.

"काढ," म्हणाले. "अजून आहे मी समोर. अडीचच्या गाडीनं जायचंय."

मी कागद लावला. पेन्सिल धरली. मेलेल्यांची आणखी एक चांगली गोष्ट तेव्हा कळली, ती हलत नाहीत. सर खोकले. मान खाजवली. रस्त्यावरून उसाची गाडी गेली तर तिच्याकडं वळून बघत राहिले. बायकोनं चहा आणला, तर बशीत ओतून आवाज करत प्याले आणि तिला विचारलं, "हा पाटी का लावत नाही?" माझ्याकडं बघून ती म्हणाली, "लाजतात." सात वर्षांत हे उत्तर मला सुचलं नव्हतं.

ती आत गेल्यावर सर तिच्या पाठीमागं बघत स्वतःशीच हसले. मी ते हसू धरलं. पुसलं, पुन्हा धरलं. गट फोटोत त्यांचा कान दिसत नव्हता, म्हणून बूथवरच्या चित्रात मी कोणाचा तरी दुसऱ्याचाच लावला होता. आता दिसलं की त्यांचा डावा कान वरून थोडा दुमडलेला आहे. चार वर्षं मी त्यांच्यासमोर बसलो होतो आणि मला त्यांचा कान माहीत नव्हता. मी फक्त त्यांच्या हातांकडं बघायचो, चित्र परत देतायत का म्हणून.

दोन वाजता थांबलो. पुरं झालं नव्हतं, पण पुढं काही केलं तर बिघडेल एवढं कळत होतं. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला. हात लांब केले. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो, कारण त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मग कागदाची सळसळ झाली.

"जुना पेपर आहे का रे?"

मी दिला. त्यांनी चित्र सावकाश गुंडाळलं, वरून वर्तमानपत्र गुंडाळलं, आणि दोरा मागितला. मी मूर्खासारखा म्हणालो, "सर, ते साइटवर लावायचं होतं. आधीचं काढून."

"ते मशीन मला उलटं धरू देत नाही," ते म्हणाले. गुंडाळी पिशवीत उभी ठेवली, छत्री घेतली आणि मला स्थानकापर्यंत येऊ नको म्हणून सांगितलं. मी तरी गेलो. गाडी लागेपर्यंत आम्ही उसाच्या दराबद्दल बोललो.

संध्याकाळी बूथवाल्याला सांगून मी पहिल्या पानावरचं सगळं काढून टाकलं. झेंडू, दोन्ही सालं, सगळं. समई काढताना त्याच्या जिवावर आलं. पानावर पांढरा चौकोन राहिला. तो रिकामा बरा दिसेना, म्हणून मी बोरूनं एक ओळ लिहिली आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्या एका ओळीसाठी सांगलीला जाऊन ती स्कॅन करून आणली. "चित्र सरांकडे आहे."

महिन्याभरात आकडा पुन्हा आम्हा दोघांवर आला. वर्ष संपता संपता फुकटची जागा देणाऱ्यांनी ती काढूनही घेतली. त्याआधी वहीत एकच नवीन ओळ आली होती, अमेरिकेहून. त्यात सरांच्या तब्येतीची चौकशी नव्हती, की झाल्या गोंधळाबद्दल काही नव्हतं. "ट्रंकेत?" एवढं एकच विचारलं होतं. माझ्या चित्राबद्दल त्या वहीत आलेला तो पहिला आणि शेवटचा अभिप्राय.